कात लावलेल्या खुर्च्या

मारोतराव मूळचे मिरचीसाठी नावाजलेल्या भिवापूरचे, पण त्यांचा हात रमला तो मिरचीत नाही, लाकडात. शहरात सक्करदऱ्याच्या मोहल्ल्यात त्यांच्या पॉलिशचं नाव होतं. कपाट कितीही कळकट असो, त्यांनी लाखेच्या चपड्याचं पॉलिश मारलं की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. घरी मात्र बसायला सतरंजी.

पोरगी कौशल्या लग्नाची झाली. बुटीबोरीचे गोपाळराव आपल्या पोरासाठी घर पाहायला येणार असा निरोप आला, तेव्हा सतरंजीनं भागणार नव्हतं. लग्नाकार्यात खुर्च्या-सतरंज्या भाड्यानं देणारं एक बिछायत केंद्र बंद पडलं होतं, तिथल्या हातवाल्या लाकडी खुर्च्या मारोतरावांनी स्वस्तात उचलल्या. पाठीवर पांढऱ्या रंगात केंद्राचं नाव. ते खरवडलं तर तेवढाच तुकडा उघडा पडला, म्हणून सवयीनं सगळ्यांना पॉलिश मारलं. खुर्च्या लखलखल्या.

बायकोनं, देवकीबाईंनी, ते पाहून कपाळाला हात लावला. पाहुणे येणार म्हटलं की शेजारचा सोफा घडीभर मागून आणायचा, ही त्या मोहल्ल्याची रीतच होती, अन् पाहुण्यांनाही ती पाठ होती. पलीकडच्या भीमाबाईच्या पोरीचं जमत आलेलं लग्न त्यातच फिसकटलं. पाहुणे पोहे खात होते अन् सोफ्याचा मालक सोफा न्यायला आला. पोपडे आलेल्या भिंतीपाशी असं चमकणारं सामान दिसलं की लोक दुसरं काय समजणार?

"आपल्याच घरात झिजल्यावानी दिसल्या पाहिजेत," देवकीबाई म्हणाल्या.

"काहून वं? जनम गेला जुन्याचं नवं करण्यात. आता नव्याचं जुनं करू?"

"करा. पोरगी तुमचीच हाय."

मारोतराव लागले कामाला. सगळं पॉलिश काचपेपरनं घासून काढलं. हात टेकतो तिथल्या कडा झिजवल्या, पायांवर सायकलच्या चेनचे फटके मारले. चिंचेच्या पाण्यात गंजके खिळे भिजवून ते पाणी सांध्यांत भरलं, तसे सांधे काळवंडले. शेवटी पानठेल्यावरून कात आणून त्याचं दाट पाणी फासलं. खुर्च्या अशा दिसू लागल्या, जशा काही आज्यानं घेतल्या असाव्या. वरून चपडा मारायचा तेवढा राहिला. मारला तर पुन्हा चमकतील, म्हणून मारोतरावांनी तो मारलाच नाही.

गोपाळराव आले ते वैशाखातल्या दुपारी, परीटघडीचं पांढरं धोतर नेसून. खुर्चीच्या हातावरून त्यांनी हात फिरवला, भिंत पाहिली, पुन्हा खुर्ची पाहिली. पोहे झाले, कौशल्या येऊन नमस्कार करून गेली. गोपाळराव हात धुवायला उठले, अन् देवकीबाईंच्या हातातला तांब्या जागीच थांबला. घामानं कात सुटला होता. मागून सगळं धोतर लालभडक.

गोपाळरावांनी मान वळवून पाहिलं.

"काहो मारोतराव, पानाच्या पिंकेवर बसवलं का गा मले?"

आता लपवायला जागाच नव्हती. मारोतरावांनी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. बिछायत केंद्र, चेन, खिळे, कात, सगळं. कौशल्या दाराआड ऐकत होती.

गोपाळराव पोट धरून हसले. "मी तेच पाहून राहिलो होतो, का ह्या मागून तं नाही आणल्या? पण मागून आणलेल्या खुर्चीले कोणी कात फासते का? घरच्याच हायेत तुमच्या."

मारोतरावांना खाली बसावंसं वाटलं, पण खुर्चीत बसायची हिंमत झाली नाही. ते सतरंजीवर टेकले.

देवकीबाईंनी धोतर साबणात टाकलं. मारोतरावांची निळी लुंगी गुंडाळून गोपाळरावही सतरंजीवरच येऊन बसले. धोतर वाळेपर्यंत त्यांना कुठं जाता येणार नव्हतं. तोवर लग्नाच्या तिथीचं बोलणं होऊन गेलं.