मिस्त्रींना शून्य

आमच्या मंडळात एकवीस माणसं होती आणि सरकार कसं चालवायचं ते एकवीस जणांना पक्कं ठाऊक होतं. स्वतःचं घर कुणालाच धड चालवता येत नव्हतं, ते सोडा. दर रविवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही तंत्रप्रेमी जमायचो. सुरुवातीला कुणी हातानं जोडलेला रेडिओ आणायचा, कुणी जुना संगणक उघडून दाखवायचा. मग निवडणुका आल्या, मतदान यंत्रांवर पेपरात रकानेच्या रकाने भरून यायला लागले आणि आमच्यात दोन तट पडले, कागदवाले आणि यंत्रवाले. त्यानंतर रेडिओ कुणी आणला नाही.

कागदवाल्यांचे पुढारी सर. ते कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. ज्या यंत्रातून मताचा कागद बाहेर पडत नाही ते सरकारच्या ताब्यात देणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं त्यांचं म्हणणं. यंत्रवाल्यांत बँकेतले संगणक सांभाळणारा एक गृहस्थ होता, त्याला आम्ही बँकवाला म्हणायचो. "सरकारला एवढी सफाईदार चोरी जमली असती तर आमच्या गल्लीतलं गटार तीन वर्षं तुंबलं असतं का?" असं तो विचारायचा. दोघांचे आवाज इतके चढायचे की खालून ग्रंथपाल बाई काठीनं छत ठोकायच्या.

आणि मिस्त्री होते. कोपऱ्यावर त्यांचं आठ बाय दहाचं दुरुस्तीचं दुकान. आठवीत शाळा सुटलेली, वय बासष्ट, उजव्या अंगठ्यावर तारांना कथलाचा डाग देताना भाजल्याची काळी खूण. उघडलेल्या प्रत्येक वस्तूचे स्क्रू ते बाटलीच्या वेगळ्या झाकणात ठेवायचे. पंधरा-पंधरा झाकणं फळीवर मांडलेली असायची, पण एकाचा स्क्रू दुसऱ्याला गेला असं कधी झालं नाही. आम्हा सगळ्यांचे मिक्सर, पंखे, चार्जर त्यांनी दुरुस्त केले होते, नुसत्या सुट्या भागाची किंमत घेऊन. त्या बदल्यात आम्ही त्यांना दाराजवळची खुर्ची दिली होती. ते बोलायला लागले की माणसं घड्याळ बघायची. मी मंडळाचा चिटणीस, इतिवृत्त लिहिणारा. मीही बघायचो.

"यंत्र लबाडी करत नाही हो," मिस्त्री म्हणायचे. "चाळीस वर्षं उघडतोय. बिघडलेली हजार सापडली, लबाड एकही नाही."

"मिस्त्री, मिक्सर आणि लोकशाही यांत थोडा फरक असतो," सर म्हणायचे. मग हशा. मिस्त्रीही हसायचे, आणि ते मला तेव्हा त्यांचं साधेपण वाटायचं.

एका रविवारी मी निवडणूक कार्यालयाचं पत्र वाचून दाखवलं. मतदान यंत्र नागरिकांसमोर उघडून दाखवणार होते, प्रत्येक संस्थेचा एकच प्रतिनिधी. पत्र संपायच्या आत मिस्त्री उठून उभे राहिले. मंडळात पहिल्यांदाच.

"मी जाऊ का? मला वाद नाही घालायचा तिथं. फक्त एकदा आतून बघायचंय."

कुणी हो म्हणालं नाही, नाहीही म्हणालं नाही. सर म्हणाले, "मीही इच्छुक आहे." बँकवाला म्हणाला, "मग मीही." शेवटी ठरलं की निवडणूक घ्यायची, तीसुद्धा आपण बनवलेल्या यंत्रावर. डबा मिस्त्रींनी करायचा, आतला प्रोग्रॅम कोडवालीनं लिहायचा. ती एका कंपनीत हेच काम करायची. मिस्त्री तिला पोरी म्हणायचे, ती त्यांना काका.

त्या बुधवारी सरांनी कोडवालीला आणि मला घरी बोलावलं. "तिसरं बटण मिस्त्रींचं," ते म्हणाले. "ते दाबलं की एक मत मला, पुढचं बँकवाल्याला. मिस्त्रींना शून्य. शून्य बघितल्यावर ते उठणारच, माझं स्वतःचं मत कुठं गेलं म्हणून. मग मी सगळ्यांसमोर सांगतो. मिस्त्रींच्या हातचा डबा मिस्त्रींनाच फसवतो, याहून मोठा पुरावा कुठला?"

"काकांना वाईट वाटेल," कोडवाली म्हणाली.

"पाच मिनिटं वाटेल. मग हसतील. हसतातच ते."

मी काय म्हणालो ते सांगतो. मी म्हणालो, खरा आकडाही आत साठवून ठेवा, म्हणजे खोटा निकाल रद्द करून खरा जाहीर करता येईल. एवढीच माझी नीतिमत्ता. मिस्त्रींना एक मत पडेल, फार तर दोन, यावर आम्हा तिघांचं एकमत झालं आणि सरांच्या बायकोनं सरबत आणलं.

रविवारी मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आले. डबा सुरेख झाला होता. जुन्या टीव्हीच्या लाकडी खोक्याची फळी, तीन बटणं, तीन दिवे, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. पुस्तकांच्या कपाटामागं तो ठेवला आणि एकेक जण आत जाऊन आला. मी माझं मत सरांना दिलं. मग डबा टेबलावर आणून कोडवालीनं आपल्या लॅपटॉपला जोडला आणि मी पडद्यावरचे आकडे वाचले. सर बारा. बँकवाला नऊ. मिस्त्री शून्य.

"अहो मिस्त्री, स्वतःला पण नाही?" मागून कुणीतरी ओरडलं. "घरी बायकोला काय सांगणार?" दुसरा म्हणाला. खोली हसून हसून लोटपोट झाली. मिस्त्री आपल्या अंगठ्याकडे बघत होते.

"निकालावर कुणाचा काही आक्षेप?" सरांनी विचारलं. कुणी बोललं नाही. सरांनी थेट मिस्त्रींकडे बघून पुन्हा विचारलं. मिस्त्रींचं तोंड उघडलं. पण बोलायचं म्हणजे त्या हसणाऱ्या लोकांपुढं मोठ्यानं कबूल करायचं, की मी मला मत दिलं होतं. ते ज्याला करावं लागतं त्यालाच ठाऊक.

"नाही, काही नाही. अभिनंदन सर," मिस्त्री म्हणाले आणि टाळ्या वाजवायला लागले. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

चहाच्या वेळी कोडवालीनं मला आणि सरांना कोपऱ्यात बोलावून लॅपटॉपवर खरा आकडा दाखवला. सर सहा. बँकवाला चार. मिस्त्री अकरा.

मी दोनदा वाचला. मिस्त्री निवडून आले होते. त्यातलं एक मत त्यांचं धरलं, तर त्या खोलीत चहा पिणाऱ्या दहा माणसांना त्या क्षणी पक्कं माहीत होतं की यंत्र खोटं बोललंय. दर रविवारी सरकारच्या नावानं घसा कोरडा करणारी दहा माणसं. एकजात सगळी मूग गिळून बसली होती. प्रत्येकाला वाटलं असणार, माझं एकट्याचंच मत गेलं, एका मिस्त्रीसाठी सरांशी वैर कशाला घ्या. माझा नुसता संताप संताप झाला. आणि मी? मी सरांकडे बघितलं.

"आता नको," सर हळूच म्हणाले. निमंत्रणाचं पत्र त्यांच्या खिशात गेलं होतं. "पुढच्या रविवारी शांतपणे सांगू." कोडवालीनं मान खाली घातली. इतिवृत्तात मी लिहिलं, निकाल एकमताने मान्य.

पुढच्या रविवारी सर आले नाहीत. मिस्त्रीही आले नाहीत. डबा ते तपासायला घरी घेऊन गेले होते, म्हणून मी बघायला गेलो. दुकानामागच्या खोलीत ते डब्यापुढं बसले होते आणि वहिनी शेजारी वही घेऊन.

"या भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "हे तिसरं बटण दाबतात, दिवा लागला की मी रेघ मारते. सहाशे झाल्या. एकदाही चुकला नाही बघा."

"जोडणी चोख आहे," मिस्त्री म्हणाले. "म्हणजे माझंच बोट चुकलं. दुसरंच दाबलं असणार."

"प्रोग्रॅममध्ये काही..." मी चाचपडलो.

"छे, छे. पोरीनं केलाय तो." त्यांनी उजवा हात पुढं धरून निरखला. "अलीकडे थरथरतो का हो हा? मला कळत नव्हतं. बरं झालं कळलं."

फळीवरची झाकणं रिकामी होती. बारीक काम त्यांनी घेणंच बंद केलं होतं. एका म्हाताऱ्याचं कानाचं यंत्र हाताचा भरवसा नाही असं सांगून परत पाठवलं, असं वहिनी म्हणाल्या. त्यांचा हात थरथरत नव्हता. मला स्वच्छ दिसत होतं. मी चहा प्यालो, डब्याच्या कडांचं कौतुक केलं आणि घरी आलो.

सर यंत्र बघून आले त्या रविवारी मिस्त्री फक्त विचारायला म्हणून आले होते. "आतून कसं होतं, सर?"

"काही विशेष नाही हो. एक हिरवी पाटी, चार वायरी. मी मागं बसलो होतो, फारसं दिसलंही नाही."

"डाग हातानं दिलेले होते, की यंत्रानं?"

"ते कोण बघतो, मिस्त्री!" सर म्हणाले आणि हशा झाला. मिस्त्रींनी मान डोलावली. मग त्यांनी अजून एक प्रश्न विचारला, पाटी किती जाड होती. तोवर सर दुसरीकडे वळले होते.

महिन्याभरानं सरांनी माझ्या हातात एक कागद ठेवला, फळ्यावर लावायला. कॉलेजच्या सभागृहात त्यांचं व्याख्यान होतं, विषय मतदान यंत्राची लबाडी, एक जिवंत प्रयोग. खाली चार ओळींचा गोषवारा. एका अल्पशिक्षित कारागिराचं स्वतःचं मत चोरलं गेलं तरी त्यानं चकार शब्द काढला नाही, असं त्यात लिहिलं होतं. अकरा मतांचा उल्लेख नव्हता. हे मिस्त्रींना बाहेरून कळण्याआधी आपण सांगावं, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला माझी सुटका हवी होती.

मी दुकानात उभ्यानंच सगळं सांगितलं. बुधवारचं, सरबताचं, सगळं. वहिनी आतून येऊन दारात थांबल्या.

"अकरा?" मिस्त्री म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं, चला, सुटलो. मग ते मनाशी काहीतरी जुळवायला लागले.

"त्यातलं एक माझं. म्हणजे दहा जण. तिथंच बसले होते ना ते? मी टाळ्या वाजवल्या तेव्हा?"

"हो."

"त्यांनीही वाजवल्या?"

"हो."

ते स्टुलावर बसले. "शून्य मी पचवलं होतं, चिटणीस. आपण कुणाला नको असतो, त्यात काय, असतं एकेकाच्या नशिबी. पण हे? मी त्यांना हवा होतो आणि ते हसत बसले?"

"भाऊजी, हे त्याच दिवशी सांगायचं होतं," वहिनी म्हणाल्या. "नाहीतर मरेपर्यंत सांगायचं नव्हतं." त्यांनी मला बसा म्हटलं नाही.

त्या रविवारी मिस्त्री आले आणि दाराजवळच्या खुर्चीशी उभे राहिले. "मला अकरा मतं होती असं कळलं," ते म्हणाले. "यंत्रानं ती दुसऱ्यांना वाटली. असो. दहा जणांचे आभार मानायचे होते. कोण कोण ते, हात वर कराल का?"

पंखा फिरत होता. सर खिडकीबाहेर बघत होते. बँकवाल्यानं चष्मा काढून पुसला. कोडवाली रडायला लागली आणि पर्स उचलून निघून गेली, ती पुन्हा आली नाही. एकही हात वर झाला नाही. मिस्त्री पुरती पाच मिनिटं उभे होते. मग नमस्कार करून जिना उतरले.

सरांचं व्याख्यान झालं, चांगल्या टाळ्या पडल्या. आणि त्यानंतर माणसं दुकानात जायला लागली. एकेकटी, दुपारच्या वेळी, रस्त्यावर कुणी ओळखीचं नाही असं बघून. काका, माझं तुम्हालाच होतं. मिस्त्री, तुम्हाला म्हणून सांगतो, मी तिसरंच दाबलं होतं. बँकवालासुद्धा गेला. स्वतः उभा होता, तरी म्हणाला, मनातून मला तुम्हीच जायला हवे होतात. मिस्त्री सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि वहिनी वहीत एक रेघ मारायच्या.

परवा मी त्यांच्या दुकानावरून जात होतो. मान खाली घालून निसटणार, तेवढ्यात त्यांनी हाक मारली. हातात काही काम नव्हतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते स्टुलावर बसले होते.

"चिटणीस, तुम्ही सगळं सांगितलंत, पण एक राहिलं. तुमचं मत कुणाला होतं?"

मला खोटं बोलायची काहीही गरज नव्हती. त्यांनी माझं काय वाकडं केलं असतं? पण दारात वहिनी उभ्या होत्या, आणि मिस्त्री माझ्याकडे बघत होते.

"तुम्हालाच," मी म्हणालो.

"अठरा," मिस्त्री म्हणाले.