हजेरीपटावरचा अंगठा

रोजगार हमीचा हजेरीपट तपासायला आलेला तो साहेब मले एकदाच दिसला. आम्ही खणत होतो त्या तळ्याच्या पाळीवर बसून तो सगळ्यांसमोर नावं वाचे, आणि माणूस ‘हाव’ म्हणेपर्यंत पुढं जात नसे.

माझ्या बायकोचं नाव आलं.

“बुढी मेली, साहेब. तीन महिने झाले,” मी म्हटलं.

“मागच्या आठवड्याची मजुरी उचलली आहे. अंगठा कोणाचा?”

सगळे माझ्याकडं पाहू लागले. हजेरी मांडणारा मुकादम म्हणाला, “हे हापिसात पाहू ना, साहेब.”

“चार लोकांची मजुरी चार लोकांतच तपासायची.”

त्यानं माझा भेगाळलेला अंगठा ठशाशेजारी धरला, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “यांचा नाही.”

मुकादमाचे दोन्ही अंगठे खिशात गेले.

बुढी गेल्यापासून तिचं नाव कोणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. साहेबानं घेतलं, आणि मी चोर ठरतो का म्हणून नुसता भ्यालो; ती मनात आलीच नाही.