गावाचे तोंड

आमच्या गावात देवाशी बोलायचे काम एकट्या आबांकडे होते. नारळ आणि विडा हातात धरून ते देवळात उभे राहत, छाती भरून श्वास घेत आणि गाऱ्हाणे घालायला लागत. एकेका मागणीनंतर ‘रे म्हाराजा’ म्हणून थांबत, की मागचे शे-दीडशे पुरुष एका आवाजात ‘व्हय म्हाराजा!’ म्हणत. किनाऱ्यावर होड्या ओढणाऱ्यांनाही ते ऐकू जाई. आबांना सगळे ‘गावाचे तोंड’ म्हणत आणि त्यात त्यांना मान वाटे. त्या तोंडामागे डोके म्हणून काही नव्हते, आणि ज्या गावाचे ते तोंड होते त्या गावालाही नव्हते, हे मला फार उशिरा उमगले.

एक कबूल करायला हवे. गाऱ्हाण्यात आबांचा हात धरणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. गावाबाहेर गेलेल्या प्रत्येकाचे नाव त्यांना पाठ. कोण मुंबईच्या गिरणीत, कोण बोटीवर, कोण खारेपाटणला दुकानात, सगळे घरांच्या क्रमाने, कागद न बघता. आवाजही असा की अंगावर काटा यावा. पण स्वतःचे मत म्हणाल तर औषधाला नाही. दुपारभर ते देवळासमोरच्या चहाच्या दुकानात बसून लोकांचे ऐकत आणि संध्याकाळी तेच देवाला सांगत. एकदा मी विचारले, “आबानू, तुमका सोताक काय वाटता?”

“माका वाटान कसा चलात, मास्तरानू? देवाक गावाचा सांगूचा आसता.”

मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो. मालवणहून एसटीने येणारे वर्तमानपत्र दुकानात मोठ्याने वाचून दाखवणे हे माझे आवडते काम. दिवाळीच्या तोंडावर चीनचे युद्ध सुरू झाले आणि दुकानाला भरती आली. ज्यांनी आंबोलीचा घाट कधी चढला नव्हता ते हिमालयातल्या वाटा सांगू लागले. आठ दिवसांत निकाल लागणार यावर सर्वांचे एकमत झाले. गावाचा एकच माणूस फौजेत होता, विधवा भामाकाकीचा मुलगा वासू. तो एका रात्रीत साऱ्या गावाचा झाला.

आबांनी खास गाऱ्हाणे घातले. “बा देवा म्हाराजा, आमचो वासू थंय बरफात उभो आसा. तेच्या हातांका बळ दी आणि दुस्मनाक मातीक मिळव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

नारळ फुटला आणि त्याच्या दोन कवडींपैकी एक भामाकाकीच्या ओटीत पडली. काकीला लोकांनी पुढे आणून उभे केले होते. ती सगळा वेळ पदराचे टोक चावत होती.

पुढे बातम्या फिरल्या. एकेक ठाणे पडल्याचे मी वाचू लागलो आणि दुकानातल्या सेनापतींचे चेहरे उतरले. आधी त्यांनी दिल्लीला शिव्या घातल्या. पण दिल्लीला ऐकू जात नाही, त्यामुळे त्यात मजा येईना. मग मुंबईहून रजेवर आलेला कोणी म्हणाला की आपले लोक बंदुका टाकून पळाले, आणि सगळ्यांना सोपे कारण सापडले. ‘आमचो वासू’ म्हणणारी तीच तोंडे आता त्याला नुसता भामेचा मुलगा, ‘भामेचो झील’, म्हणू लागली. वालाचा वेल मांडवावर चढायला जितका काळ लागतो तितकाही त्यांना लागला नाही.

लढाई थांबली, तरी वासूचे पत्र नव्हते. जत्रा आली. जत्रेच्या गाऱ्हाण्यात बाहेरगावी असलेल्या प्रत्येकाचे नाव घ्यायची आमची रीत. नाव घेतले की तो माणूस देवाच्या नजरेत राहतो अशी समजूत. आदल्या दिवशी भामाकाकी आबांच्या घरापुढच्या खळ्यात आली तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

“भावजी, वासूचा नाव तेवढा घ्या. जितो आसलो तर देव तेका वाट दाखयत.”

“बघतंय, वयनी,” आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी क्रमाने सगळी नावे घेतली. काकीच्या शेजारच्या घरातले नाव झाले, पलीकडच्या घरातले झाले. मधले नाव आलेच नाही. बायकांच्या बाजूला खांबाशी काकी उभी होती, ती शेवटच्या नावापर्यंत तशीच राहिली. आम्ही सगळे ‘व्हय म्हाराजा!’ म्हणालो. माझाही आवाज त्यात होता आणि चांगला खणखणीत होता. नंतर आबा मला एवढेच म्हणाले, “गावाक नको व्हता, मास्तरानू.”

शिमग्याच्या सुमारास वासू आगबोटीने मालवणात उतरला आणि लंगडत घरी आला. तुकडी फुटल्यावर तो कित्येक दिवस डोंगरातून चालत होता. डाव्या पायाची तीन बोटे बर्फाने गेली होती. चिखलात नांगरामागे त्याचा तोल राहीना, म्हणून तो खळ्यात बसून सुंभ वळू लागला. त्याला कोणी काही विचारले नाही. दुकानात मात्र एकजण म्हणाला, “पळताना काटो लागलो आसतलो,” आणि आम्ही हसलो. हो, मीसुद्धा.

तीन वर्षांनी पाकिस्तानशी युद्ध जुंपले. या वेळी बातम्या चांगल्या होत्या. दुकान पुन्हा भरले, पुन्हा वाटा सांगणे सुरू झाले, आणि आपल्याकडेही एक शिपाई आहे याची गावाला आठवण झाली. ‘आमचो वासू’ परत आला. आबांनी वारा ओळखला. खास गाऱ्हाण्याला देऊळ गच्च भरले. वासू आला नव्हता. काकी तिच्या खांबाशी होती.

“बा देवा म्हाराजा, वासूसारखो वाघ ह्या गावात जल्माक इलो. तेका आम्ही कदी अंतर दिला नाय. तसोच वाघ घराघरात जल्माक घाल रे म्हाराजा!”

पुरुषांनी श्वास घेतला. तेवढ्यात खांबाकडून आवाज आला.

“नाय म्हाराजा!”

काकीचा आवाज मोठा नव्हता, जरा चिरकाच होता. पण गाऱ्हाण्यात ‘नाय’ म्हणायची सोय कोणी केलेलीच नाही. शे-दीडशे तोंडे उघडली होती ती तशीच मिटली. आबांनी देवाकडे पाठ करून मागे बघितले. पुढे काय म्हणायचे ते त्यांना गावाकडून हवे होते, आणि गाव आपल्या पायांकडे बघत होता. त्या दिवशी नारळ फुटला नाही.

सकाळी तोच नारळ घेऊन आबा काकीकडे निघाले. एकट्याने जायची हिंमत नव्हती, म्हणून मला बरोबर घेतले. वासू खळ्यात सुंभ वळत होता. त्याने मान वर केली नाही.

“वयनी, ह्यो घ्या,” आबा म्हणाले. “माझा चुकला.”

“तुमचा?” काकी म्हणाली. “तुमचा असा कदी काय होता, भावजी?”

तिने नारळ घेतला आणि पायरीवर एका घावात फोडला. दोन्ही कवडी उचलून ती आत जाता जाता थांबली. “बसा, भावजी. बांगड्याची आमटी करतंय. जेवान जावा.”

आबांनी सवयीने माझ्याकडे बघितले. मी दुसरीकडे बघत होतो. मग ते वासूच्या शेजारी खाली बसले आणि कोणाच्याही मागून नाही, अगदी हळू आवाजात म्हणाले, “व्हय.”

त्यानंतर आबांनी गाऱ्हाणे कधी घातले नाही. ते गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली. त्या दिवशी मी मात्र जेवायला थांबलो नाही. मला कोणी विचारलेही नव्हते.