कूलरसमोरचा सरडा

पोरगी नोकरीला पुण्याला गेली आणि आपला दाढीवाला सरडा माझ्या गळ्यात घालून गेली. बिअर्डेड ड्रॅगन म्हणायचं त्याला, सरडा म्हटलं की तिला राग. मला काही त्या मेल्याची हौस नव्हती. पण मनात एक होतं. सरडा माझ्याकडे म्हणजे पोरगी रोज मलाच फोन करणार, सुट्टीत आधी अकोल्यालाच येणार. एरवी ती अमरावतीला माझ्या मोठ्या जावेकडे पळते. लहानपणापासून नुसतं 'मोठी आई, मोठी आई'! मग मी कोण, शेजारीण?

उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुणा आला की त्याला आधी कूलरसमोर बसवतात. याचंही तेच केलं. काचेची पेटी कूलरपुढं सरकवली आणि पोरीनं लावलेला तापवायचा दिवा बंद केला. एवढ्या उन्हात दिवा कशाला, बाप्पा!

थोड्याच दिवसांत तो मलूल झाला. शेवग्याचा पाला, लाल भोपळ्याचा कीस, डबीतले जिवंत किडे, कशालाच तोंड लावेना. डोळे मिटून पडलेला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, याची काचेपर्यंतही नव्हती. "गरमी झाली त्याले, कूलर जोरात कर," नवरा म्हणाला. केला. गुरांच्या डॉक्टरांनी तर फोनवरच हात टेकले. पोरगी व्हिडिओ कॉलवर रडायची. हा मेला तर ती मला जन्मभर माफ करणार नाही.

त्यात माहेरी लग्न निघालं, म्हणून नाइलाजानं त्याला जावेकडे ठेवलं. तिला त्याची भारी किळस. "घरात नको आणू वं, मागच्या व्हरांड्यात ठेव," म्हणाली. तिथं ना पंखा ना कूलर, सकाळचं ऊन सरळ आत. लग्नघरीच पोरीचा फोन आला, "आई, मोठ्या आईकडे तो खाऊन राहिला! राहू दे त्याले तिथंच."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याच्यापुढं हात जोडून बसायचे, आणि ही तोंड फिरवून चिमट्यानं किडा टाकते, तर हा गपकन गिळतो! लग्न लागलं तशी मी अमरावती गाठली. पठ्ठ्या मान वर करून ऊन खात बसला होता.

"ताई, काय केलं तुमी याले?"

"मी काय करू? हातबी नाही लावला. तू कुठं ठेवत होती?"

"कूलरसमोर."

ती हसतच सुटली. "अवं माय! उन्हातलं जनावर ते. गारठून गेलं बिचारं, खाईन कसं?"

तिचं बरोबर होतं, याचाच जास्त राग आला. "ठेव ना इथंच," ती म्हणाली. मी ऐकते कशाला? पेटी घेऊन घरी आले, पोरीला तसं कळवलं, दिवा लावला, त्या खोलीतला कूलर बंद केला. नवरा दुसऱ्या खोलीत पळाला. मी घामाच्या धारांत, भोपळ्याचा कीस तळहातावर घेऊन बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मान पुढं काढली आणि माझ्या हातावरचा कीस खाल्ला. मला रडूच आलं. नुसता हात आणि सरडा दिसेल असा व्हिडिओ काढून लगेच पोरीला पाठवला.

तिचं उत्तर आलं, "अरे वा! मोठी आई अकोल्याला आली का?"

मी तसंच घामेजलेलं तोंड कॅमेऱ्यापुढं धरलं आणि दुसरा व्हिडिओ पाठवला.