नानाभाऊंची रिकामी काच

रोज संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी नानाभाऊ माझ्या दवाखान्याच्या दारात येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "डॉक्टरबाई, जरा काच पाहा बरं." आत पेशंट असला तर थांबायचे, पण मला उठवल्याशिवाय जायचे नाहीत. मी शेजारी त्यांच्या दुकानात जायची आणि काचेच्या कपाटात डोकावायची. कपाट रिकामं असायचं. "काही नाही," असं मी म्हटलं की ते समाधानाने शटर ओढायचे. अमरावतीत मी होमिओपॅथीचा दवाखाना नुकताच टाकला होता. पहिल्याच आठवड्यात हा प्रकार पाहून मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं जरा फिरलेलं दिसतंय. रिकामं कपाट बघायला कोणी शेजाऱ्याला बोलावतं का?

दुकान बंदुकांचं होतं. रानडुकरांनी हैराण झालेले वरूडकडचे संत्रेवाले, बँकांचे रखवालदार आणि परवाना मिरवण्यासाठीच काढलेले काही हौशी पुढारी, असं त्यांचं गिऱ्हाईक. दिवसा काचेत चार-पाच बंदुका उभ्या असत, संध्याकाळी एकही नाही. प्रत्येक दुनळी ते सुटी करायचे. नळ्या एका तिजोरीत, लाकडी दस्ते दुसऱ्या तिजोरीत, काडतुसं मागच्या खोलीत तिसऱ्याच कुलपात. दोन्ही तिजोऱ्या जमिनीला बोल्टने आवळलेल्या. "रातच्याले बंदूक बंदूक नाई राह्यली पाह्यजे," ते म्हणायचे, "नुसतं लाकूड न् लोखंड राह्यलं पाह्यजे."

नळ्यांच्या तिजोरीची किल्ली त्यांच्याकडे आणि दस्त्यांची त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, कमरेला. एका माणसाच्या खिशात सगळं दुकान नको, हा त्यांचा नियम. एकदा काकू घाईघाईने माहेरी निघून गेल्या आणि किल्ली त्यांच्याबरोबर गेली. नानाभाऊ येणाऱ्या गिऱ्हाइकाला गंभीरपणे सांगत होते, "आज नळ्या पाहून घ्या जी, दस्ते शेंदूरजनाघाटले गेले." स्वतः मात्र हसत नव्हते.

त्यांचं शटर जाळीचं होतं आणि आतला दिवा रात्रभर चालू असायचा. बाजारातले लोक त्यांना पत्र्याचं शटर लावा म्हणून सांगून थकले. "पत्रा लावला म्हणजे चोर आत बसून आरामात चहा पेते," ते म्हणायचे. "जाळीतून रस्त्यावरच्या कोणालेही तो दिसला पाह्यजे, आन त्याले बी बाहेरूनच दिसलं पाह्यजे का इथं काही नाई." दुकानासमोर त्यांनी सिमेंटच्या भल्यामोठ्या कुंड्या ठेवल्या होत्या आणि त्यांत सदाफुली लावली होती. त्यांना फुलांची आवड आहे असा माझा बरीच वर्षं समज होता. मग एकदा एक कुंडी सरकवायला गेले, तर हलेना. वरच्या वीतभर मातीखाली सगळं काँक्रीट भरलेलं होतं. कोणी जीप मागे घेऊन शटरवर आदळू नये, म्हणून ती बाग होती.

आमच्या दोघांमधल्या भिंतीलाही त्यांनी माझ्या बाजूने लोखंडी पत्रा ठोकून घेतला आणि वरून प्लास्टर करून दिलं. "चोर बंदुकीच्या दुकानात बंदुकीच्या दारातून नाई येत, बाई. तो तुमच्या दवाखान्यातून येईन." तेव्हापासून त्या भिंतीत खिळा जात नाही. माझं पदवीचं प्रमाणपत्र आजही टेबलावर भिंतीला टेकून उभं आहे.

एका संध्याकाळी दवाखान्यात बरीच गर्दी असताना ते आले आणि मी चिडले. "नानाभाऊ, तुम्ही स्वतः बघितलंय ना? मग मी कशाला?"  ते सगळे पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिले आणि मग त्यांनी ते सांगितलं. पुन्हा कधी त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही.

त्यांच्या वडिलांच्या काळात बंदुका रात्रीही काचेतच असत. वडील रोज मागच्या खिडकीची कडी बघूनच घरी जायचे. एका सकाळी खिडकी उघडी आणि एक दुनळी गायब. पुढे कापसाच्या एका जिनिंगमध्ये दरोडा पडला, रखवालदार गोळी लागून मेला आणि पोलिसांनी पकडलेल्या बंदुकीवरचा नंबर वडिलांना वाचून दाखवला. "बाप म्हणे, हो, माह्याच दुकानची आहे. कोर्टात त्या रखवालदाराची बायको समोरच्या बाकावर बसून होती. तिनं आमाले काहीच म्हटलं नाई. शिव्या देल्या असत्या तर बरं झालं असतं." मग ते म्हणाले, "बाप मरेपर्यंत एकच म्हणे, मी कडी पाह्यली होती. पाह्यली बी असन. रोज पाहून पाहून माणसाले उघडी कडी बी लागलेलीच दिसते. मी बी त्याचाच पोरगा आहो. म्हणून तुमाले तरास देतो." मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून मी ते कपाट खरोखर बघू लागले.

निवडणुका आल्या की परवान्याच्या बंदुका जमा कराव्या लागतात. काही लोक ठाण्यात देत, काही नानाभाऊंकडे. मागच्या निवडणुकीच्या वेळी त्यांच्या दुकानात जत्रा भरली होती. प्रत्येकाची बंदूक सुटी करून, चिठ्ठी बांधून आत ठेवण्यात त्यांचा सगळा दिवस जायचा. त्यातल्या एका संध्याकाळी मी वलगावला लग्नाला गेले होते. मी नसले की ते समोरच्या चहावाल्याला बोलवायचे. त्या दिवशी दमून गेले आणि कोणालाच बोलावलं नाही.

सकाळी मी आले तेव्हा ते कुंड्यांपाशी उभे होते. शटर अजून खालीच होतं. आत दिव्याखाली, काचेत, एक नवीकोरी एकनळी उभी होती. रात्रभर ती रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसत होती. मी घाईने कुलूप बघितलं, जाळी बघितली. सगळं जागच्या जागी होतं.

"काही गेलं नाही, नानाभाऊ. चोर आलाच नाही," मी म्हणाले.

"नाई आला हे त्याचं झालं," ते म्हणाले. "मी ठेवली हे माह्यं झालं."

मी त्यांची समजूत घालत राहिले. एवढी गर्दी होती, एवढं वय झालंय, एखादा दिवस होतं असं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "गर्दी होती हे त्या बाईले कोण सांगन?" कोणती बाई, हे मी विचारलं नाही. ते अजून त्या कोर्टातच बसलेले होते.

निवडणूक संपली, लोक आपापल्या बंदुका घेऊन गेले आणि नानाभाऊंनी दुकानाचा परवाना परत केला. उरलेला माल पोलिसांच्या देखत अकोल्याच्या एका विक्रेत्याकडे गेला. मुलगी अकोल्यालाच होती, तेही काकूंना घेऊन तिकडे निघाले. शेवटच्या संध्याकाळी तिजोऱ्यासुद्धा उचलून नेलेल्या होत्या, दुकानात फक्त ते काचेचं कपाट राहिलं होतं. तरी ते दारात येऊन उभे राहिले. "डॉक्टरबाई, जरा काच पाहा बरं." मी गेले आणि वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. "काही नाही," मी म्हणाले. त्यांनी शटर ओढलं.

ते आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी अकोल्याला जाऊन आले. फार खंगले होते. संध्याकाळची वेळ होती, खिडकीबाहेर दिवे लागत होते. मी उशाशी बसले, तसं त्यांनी माझा हात धरला.

"बाई, माह्या हातून एकही नाई गेली."

"नाही गेली, नानाभाऊ."

"एका रातीचं नशीब होतं."

"आणि बाकीच्या रात्री?"

"बाकीच्या राती तुमी पाह्यलं न् मी पाह्यलं." मग डोळे मिटत म्हणाले, "त्याले नशीब नाई म्हणत."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तेच कपाट आहे, ठासून भरलेलं, रात्रीसुद्धा. दवाखाना बंद करून निघाले की मी अजूनही तिथे थांबते आणि काच बघते. दुकानदार विचारतो, "मॅडम, काही पाह्यजे काय?" मी म्हणते, "काही नाही."