उंच मुंढ्याचा कोट

ब्लाउज आणि फॉल-पिको करण्यात आमच्या मुलुंडच्या घरात माझी पंधरा वर्षं गेली. मग हाताने शिवलेल्या कोटांचे व्हिडिओ बघून मला खूळ लागलं. अंधेरीला एका बाईंचं महागड्या कपड्यांचं वर्कशॉप होतं. तिथे कोटाचा नमुना दाखवला आणि पसंत पडला, तर कामावर घेत. मला ती नोकरी हवीच होती, कारण नवरा मारायचा आणि ब्लाउजांच्या कमाईत वेगळं राहता येत नव्हतं. मी काही गरीब गाय नव्हे. त्याच्या दंडावर माझ्या दातांची खूण आहे. पण मार शेवटी मलाच जास्त बसायचा.

घरात पुरुषाचं अंग एकच, म्हणून मापं त्याचीच घेतली. फुकटात कोट मिळतोय म्हणून तोही मुकाट उभा राहिला.

पहिल्या ट्रायलला बाह्या कच्च्या टाक्यांवर होत्या, बगलेत टाचण्या. "हात वर करा," मी म्हटलं. त्याने केला तर अख्खा कोट वर चढला, कॉलर कानापर्यंत. "जोकर केलास माझा!" म्हणत त्याने तोच हात माझ्यावर उगारला. टाचण्या बगलेत घुसल्या, बाही टर्रकन निघाली. मला हसू फुटलं, तिथेच चुकलं. त्याने माझं डोकं मशीनवर आपटलं आणि कात्री घेऊन कोटाच्या चिंध्या केल्या. कपाळाला चार टाके पडले. मी रडले ती मात्र कोटासाठी.

चिंध्या पिशवीत भरून घाटकोपरच्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे गेले. त्यांनी आयुष्यभर कोटच शिवलेले. माझ्या कपाळावरच्या पट्टीकडे न बघता त्यांनी बाहीचं भोक चाचपलं.

"मुंढा किती खाली कापलात, ताई! मोठा मुंढा म्हणजे मोकळा हात, हे कोणी सांगितलं? बगलेला भिडला पाहिजे. मग खुशाल माळ्यावरचा डबा काढा, कॉलर हलणार नाय."

चुकलं की ते लाकडी पट्टी बोटांवर हाणायचे. तिसऱ्या दिवशी मी ती हिसकावून मोडली. त्यानंतर आमचं छान जमलं.

दुसऱ्या कोटाला चार महिने लागले. अंधेरीला न्यायच्या दिवशी सकाळी शेवटचं बघायला म्हणून नवऱ्याच्या अंगावर चढवला. आरशात बघून तो खूश झाला.

"आता द्या इकडे, नोकरीसाठी दाखवायचाय," मी म्हटलं.

"नोकरी?" म्हणत त्याने हात पार वर नेऊन माझ्या कानाखाली आवाज काढला. मग आणखी एकदा.

कान बधिर झाला, तोंडात रक्त आलं, आणि मी बघत होते कॉलरकडे. ती जागची हलली नव्हती. पाठीवर एक सुरकुती नाही. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मग त्या आनंदाची अशी किळस आली की मी कात्री उचलली आणि टोक त्याच्या पोटाला लावलं.

"काढ कोट."

त्याने काढला. मी पाठ न वळवता दारापर्यंत गेले आणि रिक्षा केली.

अंधेरीच्या बाईंनी कोट उलटापालटा करून पाहिला. माझ्या सुजलेल्या गालाकडेही पाहिलं. मग मुंढ्यात बोट घालत त्यांनी विचारलं, "हात वर केल्यावर कॉलर उचलते?"

"नाही," मी म्हणाले. "दोनदा बघितलंय."