पॅकेज कुठलं, यावरून

उद्यमनगरात एका लेथच्या कारखान्यावरच्या खोलीत आम्ही तिघं शाळांच्या कॉम्प्युटरसाठी मराठी लिनक्स, म्हणजे विंडोजसारखी पण मोफत सिस्टीम, बनवत होतो. कुणीही फुकट घ्यावं, हवं तसं बदलावं, असं. कारखाना माझ्या एका मित्राच्या काकांचा. हे कुरुंदवाडचं व्यापारी जैन घर. दुसरा मित्र राधानगरीचा, घरी म्हशी आणि भाताची शेती. कॉलेजपासून दोघांची गट्टी. तिसरी मी.

सिस्टीममधला प्रत्येक प्रोग्राम पॅकेजमध्ये बांधून द्यावा लागतो. राधानगरीच्यानं सगळं डेब नावाच्या जुन्या पद्धतीत एकट्यानं बांधलं होतं. त्यात प्रोग्राम एकमेकांच्या फायली वापरतात, म्हणून जागा कमी लागते. पण एखादी फाईल बदलली की भलताच प्रोग्राम बंद पडू शकतो. आजऱ्याच्या एका शाळेत तसंच झालं. आमचं अपडेट टाकलं आणि ऐन परीक्षेत मराठी टायपिंग बंद. मुख्याध्यापिकांनी फोनवर माझी सालटी काढली.

म्हणून त्या दुपारी कुरुंदवाडच्यानं विषय काढला. डेब सोडू, प्रत्येक प्रोग्राम त्याच्या सगळ्या फायलींसकट वेगळ्या गठ्ठ्यात देऊ, म्हणजे एकाच्या बिघाडानं दुसरा मरणार नाही, असं त्याचं म्हणणं. राधानगरीचा मान खाली घालून ऐकत होता. मला वाटलं, पटतंय त्याला.

"म्हणजे मी केलेलं सगळं कचऱ्यात टाकायचं व्हय?"

"तुझ्या कामानंच पोरांची परीक्षा बुडाली की."

टेबलावर कागद दाबायला ठेवलेला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तुकडा होता. राधानगरीच्यानं तो उचलून त्याच्या डोक्यातच घातला. कुरुंदवाडच्यानं हात आडवा धरला म्हणून कवटी वाचली. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो खुर्चीसकट मागं पडला, मॉनिटर फुटला, आणि राधानगरीचा त्याच्या छातीवर बसून तोंडावर बुक्के घालायला लागला. मी त्याचे केस धरून ओढले. त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं, ओठ फाटला. मग माझंही भान गेलं. हाताला आला तो कीबोर्ड उचलला आणि त्याच्या मानेवर, डोक्यावर, बटणं उडेपर्यंत हाणला. खाली लेथ सुरू होते, कुणाला काही ऐकू जाईना. शेवटी मी जिन्यात जाऊन ओरडले. कामगार धावत वर आले आणि त्यांनी त्याला खेचून काढला. त्याच्या मानेवरून रक्त गळत होतं. ते मी काढलेलं होतं, आणि मला बरं वाटलं.

दवाखान्यात मी पोलिसांत जायचंच म्हणत होते. कुरुंदवाडचा सुजल्या तोंडानं नको म्हणाला. त्याच्या आईच्या हातचं जेवलोय, एवढंच कारण दिलं.

प्लास्टर निघायच्या आधीच तो डाव्या हातानं कामाला लागला. गठ्ठे बांधून त्यानं शाळेतल्या एका जुन्या मशीनवर टाकून बघितले. निम्म्यातच डिस्क भरली.

"डेबच ठेवायचं," तो म्हणाला.

मी भडकले. मला त्या माणसाची एकही ओळ ठेवायची नव्हती. "तुझा हात मोडला त्यानं."

"हात त्यानं मोडला, डेबनं न्हाय. अपडेट आधी आपण तपासायचं, मग शाळेला द्यायचं. पण त्या माणसाबरोबर एका खोलीत मी बसणार न्हाय."

राधानगरीच्याला कळवायचं काम माझ्याकडं आलं. फोनवर मी दोन्ही गोष्टी सांगितल्या: पद्धत तुझीच राहील, तू यायचं नाहीस. त्यानं फक्त मनगटाचं विचारलं. मी उत्तर न देता फोन ठेवला.

आता त्याची पॅकेजं मीच सांभाळते. काम फार नीटनेटकं आहे त्याचं. वाचता वाचता कधी कधी अजून मुठी आवळल्या जातात माझ्या.